मधली खुर्ची

भिवंडीत शुक्रवारी लूम बंद असायचे. बाकीचे दिवस आमची गल्ली इतकी खटाखट वाजायची की आलेले पाहुणे ओरडून बोलायचे आणि आपण ओरडतोय हे त्यांना ठाण्याला परत गेल्यावर कळायचं. शुक्रवारी मात्र कावळे ऐकू यायचे, पलीकडच्या बिल्डिंगमधली कुकरची शिट्टी ऐकू यायची, आणि शेजारचे दोन भाऊ कशावरून भांडतायत हेही नीट कळायचं. आमचा विश्रांतीचा शनिवार शुक्रवारी सूर्य मावळतानाच सुरू व्हायचा, म्हणून आमच्या घरात तो असा शुक्रवारच्या शांततेत यायचा. आई दुपारीच काळ्या मनुका भिजत घालायची. संध्याकाळी ती डोक्यावर पदर घेऊन काचेच्या पेल्यात खोबरेल ओतायची आणि वात लावायची. पप्पा मनुकांचं शरबत पेल्यात धरून हिब्रूत आशीर्वाद म्हणायचे आणि मग आम्ही नारळाच्या दुधातलं बोंबलांचं नव्हे तर पापलेटचं कालवण आणि भात जेवायचो, कारण बोंबलाला खवले नसतात म्हणून तो आम्हाला चालत नाही. बोंबील खाल्ला नाही असं सांगितलं की कोकणातला माणूस माझ्याकडे अजूनही दयेने बघतो.

आम्ही बेने इस्राएल. हे एकदाच सांगते, कारण आयुष्यभर सांगून सांगून कंटाळले आहे. कोकणात कितीतरी पिढ्यांपूर्वी येऊन तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून शनवार तेली म्हणवले गेलेले ज्यू. घरात मराठी, शिव्याही मराठीत, आडनाव पेणकर. शाळेत बाई मला दरवर्षी विचारायच्या, "तू नक्की कोण गं?" आणि मी दरवर्षी सांगायचे, आणि पुढच्या वर्षी त्या पुन्हा विचारायच्या. भिवंडीत आमची घरं बोटांवर मोजण्याइतकी होती. मोठ्या सणाला आम्ही ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये जायचो.

पप्पा एका सायझिंगमध्ये सुपरवायझर होते. सायझिंग म्हणजे जिथे लूमवर चढवण्याआधी सुताला खळ लावतात. त्यांच्या शर्टाला कायम त्या खळीचा आंबूस वास असे. शुक्रवारी सगळं गाव सुट्टीवर असताना ते बॉयलर तपासायला जायचे आणि त्या बदल्यात मालक त्यांना शनिवार द्यायचा. आई एका प्रसूतिगृहात नर्स होती. गल्लीत तिला सगळे सिस्टर म्हणत. निम्म्या गल्लीला जगात आणलंय मी, असं ती म्हणायची आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती.

पण पप्पांची खरी ओळख गावात वेगळी होती. ते मोहल्ला कमिटीत होते. मी जन्मण्याच्या आधी भिवंडी एकदा पेटली होती, आणि पुन्हा तसं होऊ नये म्हणून पोलिसांनी वस्तीवस्तीत कमिट्या केल्या होत्या. दोन्ही धर्मांची चार शहाणी माणसं, मध्ये पोलीस. कुठे मिरवणुकीत दगड पडला, कुठे मुलीवरून बाचाबाची झाली की पोलीस ठाण्याच्या वरच्या हॉलमध्ये बैठक व्हायची. समोरासमोर दोन रांगा मांडायच्या, इकडे हिंदू, तिकडे मुसलमान, आणि मध्ये एक खुर्ची. त्या खुर्चीत पप्पा. ते दोन्हीकडचे नव्हते, म्हणून दोन्हीकडच्यांना चालायचे. त्यांनी एक पद्धतच बसवली होती. इकडची एक तक्रार मागे, तिकडची एक तक्रार मागे. इकडच्याने एक पाऊल घ्यायचं, तिकडच्याने एक. मग दोघांनी एकमेकांना पेढा भरवायचा, फोटो काढायचा, आणि दुसऱ्या दिवशी तो पेपरात यायचा. ते फोटो आमच्या कपाटावर ओळीने लावलेले होते. प्रत्येकात पप्पा मधोमध, दोन्ही हात दोघांच्या खांद्यांवर. मला त्यांचा फार अभिमान वाटायचा. मैत्रिणी आल्या की मी त्यांना मुद्दाम त्या कपाटासमोर बसवायचे.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मुंबईवर तो हल्ला झाला. तीन दिवस आम्ही टीव्हीसमोरून हललो नाही. मारलेल्यांत ज्यू होते, आणि ज्यू म्हणून शोधून मारलेले होते. आईने त्या दिवसांत दोनदा भात करपवला. मग महिनाभरात दूरच्या ज्यूंच्या देशाचं युद्ध टीव्हीवर सुरू झालं. रोज मेलेली मुलं, रोज रडणाऱ्या बाया. आईसुद्धा ते बघून डोळे पुसायची. मुलं कुणाचीही असोत, तिला बघवायचं नाही. पण गल्लीच्या तोंडाशी मोबाईल दुरुस्तीचं दुकान असलेला आसिफ त्या बातम्यांच्या सीडी वाटायला लागला होता, आणि त्याच्या दुकानासमोरून जाताना आतली माणसं बोलायची थांबायची. एका सकाळी आमच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेलं दिसलं, 'यहाँ क़ातिल रहते हैं'. पप्पांनी बादली घेतली आणि ते स्वतः घासून काढलं. "पोरकटपणा आहे," म्हणाले.

दुसऱ्याच आठवड्यात चौकात एक मोठा बोर्ड लागला. त्यावर पप्पांचा फोटो, कमिटीच्या फोटोतून कापून घेतलेला, आणि खाली शूर ज्यू बांधवांच्या पाठीशी आम्ही आहोत अशा अर्थाचं काहीतरी भडक अक्षरांत. तो शेजारच्या पूर्णा गावातल्या प्रमोदने लावला होता. त्याच्या बापजाद्यांची भातशेती आता गोदामांखाली गेली होती. रोज शंभर ट्रक त्याच्या जमिनीवर उभे राहायचे, आणि त्याच्यामागे दहा-वीस पोरं कायम असायची. पप्पा त्याला भेटले आणि बोर्ड काढायला सांगितलं.

"काका, तुमी कशाला घाबरताव?" प्रमोद म्हणाला. "आमी हाव ना. तुमचे देशासारका करायला पायजे हितं पन."

"माझा देश हाच आहे रे," पप्पा म्हणाले. प्रमोदला ते विनयाने बोललेलं वाटलं असावं. बोर्ड तसाच राहिला. एका बाजूला आम्हाला खुनी ठरवलं होतं, दुसऱ्या बाजूला शूर. सुताला खळ लावणारा आणि बाळंतपणं करणारी हे कुणालाच नको होतं. त्या दिवसांचा मला आजही राग येतो, आणि तो राग दोन्हीकडे सारखा वाटून टाकायची मला गरज वाटत नाही.

मग तो शुक्रवार. लूम बंद होते. आईने वात लावली होती आणि ती डोळ्यांवर हात धरून पुटपुटत होती. मी आत पाट मांडत होते. खिडकीतून काहीतरी आत आलं आणि पडद्याला चिकटलं. घासलेटात भिजवून पेटवलेला कॉटन वेस्टचा बोळा होता तो, कारखान्यात मशीन पुसायला वापरतात तो. पडदा भपकन पेटला. पप्पा बाथरूममध्ये होते. पडद्याखाली माझी पुस्तकं होती, गॅसची नळी होती. आईने उजव्या हाताने तो पडदा ओढून काढला, नायलॉनचा होता, तो तिच्या हाताला वितळून चिकटला. ती ओरडली नाही. "गॅस बंद कर, एस्तेर," एवढंच म्हणाली. मी गॅस बंद केला आणि मग तिचा हात बघितला. त्या हाताबद्दल याहून जास्त मला लिहायचं नाही. बोटं पुढे वाकली नाहीत. ज्या हाताने तिने निम्मी गल्ली जगात आणली, त्या हाताने तिला पुन्हा साधं इंजेक्शनही देता आलं नाही.

समोरच्या गॅलरीत झुबेदाआपा होत्या. विधवा बाई, घरी बसून चरख्यावर लूमसाठी सुताच्या कांड्या भरायच्या, आणि भावाला, युसूफभाईंना, सांभाळायच्या. त्यांच्या तोंडून पहिली किंकाळी फुटली. जळता बोळा फेकणारा माणूस त्यांनी पाहिला होता. आसिफ.

सोमवारी कमिटीची बैठक लागली. आईच्या हाताला खांद्यापर्यंत बँडेज होतं, तरी ती आली, आणि तिला धरायला मी. हॉलमध्ये दोन रांगा मांडल्या होत्या. एकीकडे आसिफ, त्याचे नातेवाईक आणि मोहल्ल्यातले वडीलधारे हाजीसाहेब. दुसरीकडे प्रमोद आणि त्याची पोरं. पप्पा सवयीने मधल्या खुर्चीकडे गेले. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून बसणार, एवढ्यात इन्स्पेक्टर म्हणाले, "पेणकरसाहेब, आज तिथे नको. इकडे बसा." आणि त्यांनी प्रमोदच्या शेजारची खुर्ची दाखवली. मधल्या खुर्चीत ते स्वतः बसले. पप्पा दाखवलेल्या ठिकाणी जाऊन बसले, आणि प्रमोदने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

मला तेव्हा कळलं की बैठकीला दोन बाजू लागतात. आम्ही तर तीन माणसं होतो. आमची बाजू होत नव्हती, म्हणून ती प्रमोदला जोडून तयार केली होती. इन्स्पेक्टर समजुतीने बोलत होते. बोर्डामुळे भावना दुखावल्या. त्यातून जे झालं ते वाईट झालं. आसिफने आगीबद्दल माफी मागायची, पेणकरांनी बोर्डाबद्दल. केस नको. गावाचं वातावरण आधीच नाजूक आहे. हाजीसाहेब भले गृहस्थ होते, त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. "पेणकरभाई, आप ही तो कहते थे," ते म्हणाले, "दोनों एक एक क़दम पीछे." टेबलावर पेढ्यांचा पुडा होता. दोरा सोडवलेला होता.

पप्पा त्या पुड्याकडे बघत होते. त्यांची मान खाली गेली होती. मला वाटलं, आता हे हो म्हणणार. ते तसेच होते. आयुष्यभर हो म्हणायला लावलं होतं त्यांनी लोकांना.

आई उठली. "हात माझा जळलाय," ती म्हणाली. "माफ करायचं की नाही ते मी बघीन, माझ्या घरात, मला वाटेल तेव्हा. तुम्ही इथे बसून माझी माफी वाटू नका. आणि आग लावली त्याचं काय करायचं ते सरकारचं काम आहे. ते तुम्ही करा." मग ती आसिफकडे वळली. "तुझी धाकटी बहीण पायाळू होती. रात्रभर उभी होते मी." इन्स्पेक्टरांनी पेढ्याचा पुडा हळूच बाजूला सरकवला.

घरी येताना पप्पा चपला घासत चालत होते. सहिष्णुता या शब्दावर मी नंतर बरीच भाषणं ऐकली, त्याबद्दल वाचलंही. मला तो शब्द अजून त्या पेढ्यासारखा लागतो, पहिल्यांदा गोड आणि मग घशात चिकटणारा. वेगवेगळ्या लोकांनी एकत्र नांदायचं तर थोडं सोसावं लागतं, हे मला मान्य आहे. पण कुणी सोसायचं आणि किती, हे जाळणाऱ्याला आणि जळालेल्याला समोरासमोर बसवून अर्धं अर्धं वाटता येत नाही. हे समजायला आमच्या घराला आईचा हात द्यावा लागला.

गुन्हा नोंदवायचं ठरलं, पण साक्षीदार एकच. पप्पा दुसऱ्या दिवशी झुबेदाआपांकडे गेले, मीही गेले. त्या जमिनीवर बसून कांड्या भरत होत्या, चरखा फिरत होता. कोपऱ्यात युसूफभाई भिंतीला टेकून बसले होते. त्यांचा एक डोळा नव्हता. मी लहानपणापासून त्यांना तसंच पाहत आले होते आणि का, हे मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

"आपा, आपने आसिफ को देखा था ना?" पप्पांनी विचारलं.

"देखा. जैसे अभी आपको देख रही हूँ."

"थाने में बोलेंगी?"

त्यांनी चरखा थांबवला. "पेणकरभाई, मेरे भाई के टाइम आपने भी तो देखा था." पप्पांचा चेहरा एकदम उतरला. "जुलूस निकला था. ये दुकान का शटर गिरा रहा था. प्रमोद ने सोडे की बोतल मारी इसके मुँह पे. आप वहीं खड़े थे, कमिटी का बिल्ला लगाके. मुझसे किसी ने पूछा थाने चलने को? उधर के दो लड़कों का केस पीछे, इधर से इसका. इसकी एक आँख पे पट्टी थी, दूसरी से पानी जा रहा था, और आपने अपने हाथ से पेढ़ा खिलाया. प्रमोद के हाथ से भी खिलाया. फोटो है आपके घर में."

फोटो होता. कपाटावर, डावीकडून तिसरा. मैत्रिणींना दाखवला होता मी तो.

"अब आपकी बारी आई तो कानून?"

पप्पांनी हात जोडले. मी त्यांना तसं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं. आपांनी सुटलेला धागा कांडीला गुंडाळला.

"मैं तो सुबह ही थाने में बोल आई," त्या म्हणाल्या. "सब लिखवाया, अंगूठा भी दिया. सिस्टर का हाथ है वो. आप पूछने आए, अच्छा किया. मेरे टाइम तो कोई पूछने भी नहीं आया था." आणि चरखा पुन्हा फिरायला लागला.

त्या रात्री पप्पा जेवले नाहीत. सकाळी त्यांनी कपाटावरचे सगळे फोटो काढून पलंगाखाली सरकवले, आणि समोरच्या घरी जाऊन युसूफभाईंना म्हणाले, चला, पोलीस ठाण्यात. युसूफभाईंनी नुसतं बघितलं. "अब क्या फ़ायदा, भाई," ते म्हणाले. पण उठले, आणि शर्ट बदलून आले.

इन्स्पेक्टरांना ते अजिबात आवडलं नाही. "पेणकरसाहेब, जुनी मढी कशाला उकरताय? आणि तो प्रमोद तर तुमच्याच बाजूचा माणूस."

"माझ्या बाजूचा म्हणूनच आलोय," पप्पा म्हणाले. "मी डोळ्यांनी पाहिलंय. लिहून घ्या." संध्याकाळपर्यंत दोघं बाकावर बसून राहिले, तेव्हा कुठे लिहून घेतलं.

प्रमोद दुसऱ्या दिवशी घरी आला. ओरडला नाही, त्याला खरोखरच वाईट वाटलेलं दिसत होतं. "काका, मी तुमचा बोर्ड लावला. आनि तुमी माजाच नाव दिलंत? आमच्याबिगर कोन हाय तुमाला हितं? कोनी न्हाय."

"तो बोर्ड माझ्यासाठी नव्हता, प्रमोद," पप्पा म्हणाले. त्याने चहा घेतला नाही. त्याच दिवशी चौकातला बोर्ड उतरला, आणि महिना संपायच्या आत सायझिंगच्या मालकाने पप्पांना सांगितलं की शनिवारची सुट्टी आता परवडणार नाही. इतकी वर्षं परवडत होती. पप्पांनी नोकरी सोडली.

पुढे जे झालं त्यात न्याय थोडाच झाला, तोही वाकडातिकडा. आमच्या दाराशी बंदूकवाला पोलीस बसवला. मोठ्या शहरातून अधिकारी आले, पेपरवाले आले, आईच्या हाताचे फोटो निघाले. त्या हल्ल्यानंतर ज्यू माणसाच्या घराला आग लागणं सरकारला परवडणार नव्हतं, त्यामुळे आमचा खटला भराभर चालला आणि आसिफला शिक्षा झाली. व्हायलाच हवी होती, त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण युसूफभाईंच्या दाराशी कुणी पोलीस बसला नाही. झुबेदाआपांना कांड्या देणाऱ्या कारखानदारांनी एकेक करून काम देणं बंद केलं. आपल्याच माणसाविरुद्ध साक्ष दिली म्हणून एकाने, आणि प्रमोदच्या गोदामात माल ठेवतो म्हणून दुसऱ्याने. आम्हाला निदान जायला जागा होती. आम्ही ठाण्याला भाड्याच्या घरात आलो, नातेवाईक होते, प्रार्थनेला माणसं होती. आपांना त्या गल्लीशिवाय कुठे जायला नव्हतं. आई डाव्या हाताने चपात्या लाटायला शिकली, आणि महिन्यातून एकदा त्यातल्या काही बांधून भिवंडीला जायची. आसिफला तिने माफ केलं का, हे मी तिला अनेकदा विचारलं. "तुला कशाला पंचाइत," म्हणायची, आणि खरं उत्तर मनात ठेवूनच ती जगातून गेली.

प्रमोद सुटला, हे आधीच सांगून टाकते. जुनं प्रकरण, डॉक्टरांचे कागद मिळाले नाहीत, बाकीच्या साक्षीदारांना काही आठवेना. उरले होते ते पप्पा. ते उभे राहिले त्या दिवशी मी कोर्टात होते. तोवर ते फार वाळले होते, आणि पिंजऱ्याच्या कठड्याला धरून बोलत होते. त्यांनी सगळं सांगितलं, कुठे उभे होते, बाटली कुणाच्या हातून सुटली. मग प्रमोदचा वकील उठला. तो हुशार होता, आवाज न चढवता बोलायचा.

"पेणकर, तुम्ही हे सगळं डोळ्यांनी पाहिलंत म्हणता. तुम्ही शांतता कमिटीचे मानकरी. रोज पोलीस ठाण्यात तुमची ऊठबस. मग एवढी वर्षं तुम्ही गप्प का बसलात?"

पप्पांनी मागे वळून बघितलं. शेवटच्या बाकावर झुबेदाआपा आणि युसूफभाई बसले होते.

"मी गप्प बसलो नव्हतो, साहेब," पप्पा म्हणाले. "मी त्याला गप्प बसवलं होतं."

वकील म्हणाला, प्रश्नाचं उत्तर द्या. न्यायाधीश म्हणाले, दिलंय त्यांनी, टाइप करा. टाइपरायटर वाजायला लागला. युसूफभाई बाकावरून उठून उभे राहिले. शिपायाने त्यांना खाली बसायची खूण केली, मग जवळ जाऊन दोनदा सांगितलं. टायपिंग पूर्ण होईपर्यंत ते बसले नाहीत.